हिजरी पहिल्या शतकाचा पुरावा-तक्ता : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

व्याप्ती ठरली. हिजरी सन १ ते १००, म्हणजे इ.स. ६२२ ते ७१९ या काळात लिहिलेले, कोरलेले किंवा पाडलेले जे काही आज हाताशी आहे, त्याचा एक मराठी तक्ता. पपायरस, शिलालेख, समाधीचे दगड, नाणी, कुराणाची चर्मपत्रे, शिवाय शेजारच्या ग्रीक, सुरयानी (पूर्वेकडच्या ख्रिश्चनांची भाषा), आर्मेनियन लेखकांचे उल्लेख.

वाद सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरा म्हणते की मक्का, मदिना, पैगंबर, कुराण, पहिले चार खलिफा हा क्रम जसा सांगितला तसाच घडला. १९७७ साली जॉन वॅन्सब्रो यांनी कुराणाचा मजकूर स्थिरावायला दीडदोनशे वर्षे लागली असे मांडले. त्याच वर्षी पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक यांनी मुस्लिम साधने बाजूला ठेवून निव्वळ बाहेरच्या साक्षींवर इतिहास रचून पाहिला. त्यानंतर फ्रेड डॉनर यांची मांडणी आली : आरंभी ही ‘मोमिनांची’ (श्रद्धावंतांची) व्यापक चळवळ होती, ज्यू-ख्रिश्चनांनाही तीत जागा होती, वेगळा धर्म म्हणून कडा नंतर आल्या. तक्त्यात ‘निष्कर्ष’ नावाचा रकाना ठेवायचा नाही. ओळी भरू द्या.

९ जानेवारी

पहिला मसुदा रद्द. चूक मुळातच होती : काळासाठी एकच रकाना. त्यामुळे पैगंबरांचा चरित्रकार इब्न इसहाकने सांगितलेला मदिनेचा करार (पैगंबरांचे अनुयायी आणि मदिनेतल्या टोळ्या यांच्यातला) सन १ मध्ये जाऊन बसला आणि व्हिएन्नातला पपायरस त्याच्या खाली सन २२ मध्ये. दिसायला करार जुना. पण पपायरस ही सन २२ ची वस्तू आहे. कराराची तशी वस्तू नाही. इब्न इसहाक वारला हिजरी १५० मध्ये (इ.स. ७६७), त्याचा मूळ ग्रंथ हरवला, आणि आपण वाचतो ती बहुतांशी इब्न हिशामने (मृत्यू हिजरी २१८, इ.स. ८३३) कापून-छाटून ठेवलेली आवृत्ती.

मोडी दफ्तरात बसलेल्या माणसाला हे समजवावे लागत नाही : अस्सल, नक्कल आणि बखर यांना एका दाव्याला बांधत नाहीत. आता चार रकाने :

क) वस्तूचा काळ
ख) तो कसा ठरला (लिहिलेला सन, लिपी, कार्बन, थर)
ग) मजकुराचा स्वतःविषयीचा दावा
घ) आज उपलब्ध सर्वांत जुनी प्रत

मात्र सीरत (पैगंबरांचे चरित्र) म्हणजे बखर, असे समीकरण मांडून मोकळे होऊ नये. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत लिहिली गेली. इब्न इसहाक पैगंबरांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी लिहितो. हे अंतर त्याच्या विरुद्ध जाते. पण त्याच्याकडे ‘इस्नाद’ आहे, म्हणजे अमक्याने तमक्याकडून ऐकले अशी नावांची साखळी. ती बखरकाराकडे नसते. साखळी खोटी रचता येते हे जोसेफ शाख्त यांनी १९५० मध्येच दाखवले. पण एकाच हकिकतीच्या पाच साखळ्या आणि पाच पाठ शेजारी मांडले, की शब्दांतले फरक आणि साखळीतले फरक जुळतात का ते पाहता येते. हाराल्ड मोत्झकी यांनी रुळवलेली रीत हीच. तिच्याने बऱ्याच हकिकती पैगंबरांनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे उर्वा इब्न अल-जुबैर यांच्यासारख्यांपर्यंत, मागे नेता येतात. त्यापलीकडे ती रीत थांबते.

करार ‘घ’ मध्ये उशिराचा, ‘ग’ मध्ये सन १ चा. तरी त्याची भाषा अवघड, जुनाट आणि पुढच्या काळाला गैरसोयीची आहे : ज्यू टोळ्या मोमिनांबरोबर एकाच ‘उम्मा’त (समुदायात) मोजल्या आहेत. नंतरच्या कोणी ते मुद्दाम घडवले नसते, म्हणून क्रोन यांच्यासारख्या संशयी अभ्यासकही तो अस्सल मानतात. रकाने वेगळे केले की असे प्रकार वेगळे दिसतात, हाच त्यांचा उपयोग.

१७ जानेवारी

पी.ई.आर.एफ. ५५८. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला पपायरस, इजिप्तमधल्या अहनासचा (ग्रीक नाव हेराक्लिओपोलिस). सन लिहिलेला सर्वांत जुना अरबी कागद म्हणून तक्त्याची पहिली भक्कम ओळ हीच.

आहे काय? मेंढ्यांची पावती. अब्दुल्ला इब्न जाबिर आणि त्याच्या साथीदारांनी कापायच्या ५० मेंढ्या आणि आणखी १५, एकूण ६५ घेतल्या. जहाजांवरचे लोक, घोडदळ आणि चिलखती पायदळ यांच्यासाठी. महिना जमादिलावल, सन बावीस. लिहिणारा इब्न हदीद. वर ग्रीक, खाली अरबी, पाठीवर पुन्हा ग्रीक नोंद : आलेल्या ‘मागारिताय’ लोकांना मेंढ्या दिल्या, त्या पहिल्या इंडिक्शनच्या (बायझंटाइन करचक्रातल्या पहिल्या वर्षाच्या) करात वळत्या कराव्यात.

टिपायच्या गोष्टी तीन. एक, अरबी मजकुरात काही अक्षरांवर नुक्ते (ठिपके) आहेत, तेव्हा ‘आरंभीच्या अरबीला नुक्तेच नव्हते’ हे विधान जिथे दिसेल तिथे खोडायचे. दोन, ‘मागारिताय’ हे अरबी ‘मुहाजिरून’चे ग्रीक रूप. जेते स्वतःला हिजरत (स्थलांतर) केलेले म्हणवत होते आणि प्रजेच्या कानावर तेच नाव पडले होते. सुरयानीतला ‘मह्गराये’ त्याच जातीचा शब्द. तीन, सन नुसता ‘बावीस’ आहे, ‘हिजरी’ हा शब्द नाही. नवी कालगणना वीस-बावीस वर्षांत इतकी रुळली की नाव सांगायची गरज उरली नाही. पुढे सन ४२ च्या एका पपायरसवर ‘मोमिनांच्या अमलाचे’ वर्ष असा उल्लेख सापडतो. ‘मुसलमानांच्या’ नव्हे, ‘मोमिनांच्या’. डॉनर यांच्या बाजूची ही ओळ, ठळक करून ठेवली.

१९ जानेवारी

सन-जुळणीची रीत पक्की केली.

ठोकळ सूत्र : हिजरी × ०.९७०२२९ + ६२१.५७. उदाहरण, सन २२ : २१.३४५ + ६२१.५७ = ६४२.९१५, म्हणजे वर्षाचा आरंभ नोव्हेंबर ६४२ च्या अखेरीस. कोष्टकाप्रमाणे ३० नोव्हेंबर. नुसती ६२२ मिळवण्याची सवय सोडायची. सन १०० पर्यंत पोचता पोचता ती तीन वर्षांहून जास्त चुकवते.

सापळा पहिला : संगणकावरचे बरेच परिवर्तक ग्रेगरियन तारीख देतात, छापील संशोधन ज्युलियन देते. सातव्या शतकात दोहोंत ३ दिवसांचे अंतर, ७०० च्या फेब्रुवारीअखेरीनंतर ४. सन १ चा आरंभ ज्युलियन १६ जुलै ६२२. परिवर्तक १९ जुलै दाखवत असेल तर तो ग्रेगरियन आहे. प्रत्येक नवे साधन आधी या तारखेवर तपासायचे.

सापळा दुसरा : सन १० च्या आधी अरबांत अधिक महिना (नसी) धरण्याची चाल होती. कुराणाने ती बंद केली. त्याआधीच्या घटनांच्या तारखा सूत्राने काढल्या तर दिवस नेमका येतो आणि तो नेमकेपणा खोटा असतो. सन १० पूर्वीच्या ओळींत फक्त वर्ष, तेही ‘सुमारे’.

सापळा तिसरा आपल्या घरचा. सन शब्दांत लिहिलेला असतो आणि शुहूर सनाची सवय असलेल्याला तो अरबी न शिकताही वाचता येतो. पावतीवरचे ‘इस्नैन व इश्रीन’ म्हणजे पेशवे दफ्तरातले ‘इसन्ने अशरीन’. जुहैर नावाच्या वाटसरूच्या दगडी लेखातले ‘अर्बअ व इश्रीन’ म्हणजे ‘अर्बा अशरीन’. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या वास्तूवरचे ७२ म्हणजे ‘इसन्ने सबैन’. सोय मोठी, पण शुहूर सन सौर आहे. त्याच्यात ५९९-६०० मिळवतात, ते हात आपोआप इथेही चालतात. दोन ओळींत ते झाले होते. दुरुस्त.

२ फेब्रुवारी

तारखांची उलटतपासणी. ज्या साधनात दोन कालगणना आहेत तिथे एकीने दुसरी तपासायची. बायझंटाइन इंडिक्शन हे १५ वर्षांचे करचक्र, सुरुवात १ सप्टेंबरला. जानेवारी ते ऑगस्टसाठी इ.स. + ३, भागिले १५, बाकी घ्यायची, तेच चक्रातले वर्ष. सप्टेंबरपासून पुढे + ४.

अहनासची पावती : ६४३ + ३ = ६४६, बाकी १. ग्रीक मजकुरात पहिले इंडिक्शन. इजिप्शियन महिना फार्मुथीचा ३० वा दिवस म्हणजे २५ एप्रिल, आणि तो जमादिलावलमध्येच पडतो. जुळले.

थॉमस हा सुरयानी पाद्री : ग्रीक (सेल्युकिड) सन ९४५, इंडिक्शन ७, शुक्रवार ४ फेब्रुवारी, गाझाच्या पूर्वेला बारा मैलांवर रोमी सैन्य आणि ‘मुहम्मदाचे तय्याये’ यांची लढाई. तय्याये म्हणजे अरब. ९४५ − ३११ = ६३४. ६३४ + ३ = ६३७, बाकी ७. वार मोजला : १६ जुलै ६२२ हा शुक्रवार, तिथून ४२२१ दिवस, ७ ने भाग पूर्ण जातो. शुक्रवारच. जुळले.

हम्मत गदेर, गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या स्नानगृहाचा ग्रीक शिलालेख : ५ डिसेंबर, सोमवार, इंडिक्शन ६, गदारा नगरीचे वर्ष ७२६, ‘अरबांप्रमाणे वर्ष ४२’. ६६२ + ४ = ६६६, बाकी ६. नगरीचा सन इ.स.पू. ६४ पासून, त्याचे ७२६ वे वर्ष ६६२-६३. सन ४२ चा आरंभ २६ एप्रिल ६६२. वारही सोमवार. पाचही गोष्टी एका जागी येतात. खलिफा मुआविया यांचे नाव ‘अब्दुल्ला मुआविया, अमीर अल-मुअमिनीन’ (मोमिनांचा सरदार) असे ग्रीक अक्षरांत, आणि लेखाच्या आरंभी क्रूस. पहिल्यांदा वाचणारा बहुधा तिथेच अडखळतो. दुरुस्तीचे काम करणारे स्थानिक कारागीर-कारभारी ख्रिश्चन होते, खलिफाला क्रूसाची अडचण वाटली नाही, एवढेच त्यातून निघते.

११ फेब्रुवारी

अरब-सासानी नाणी, म्हणजे इराणच्या सासानी नाण्यांच्या धर्तीवर अरबांनी पाडलेली. सगळ्यांत जास्त चुका इथे. चांदीचा द्राम, चेहरा सासानी बादशहाचा, मागे अग्निवेदी, कडेला अरबीत ‘बिस्मिल्लाह’. सन पहलवीत (जुन्या इराणी भाषेत) शब्दांनी. पण कोणता सन? तीन चालतात : शेवटचा सासानी बादशहा यज्दगिर्द याच्या नावाचा यज्दगिर्दी (६३२ पासून), यज्दगिर्दच्या मृत्यूनंतरचा (६५१-५२ पासून) आणि हिजरी. नाण्यावर ‘२६’ असेल तर अनुक्रमे ६५७, ६७७ किंवा ६४६. एकाच आकड्याला तीस वर्षांची ओढाताण. टांकसाळ आणि सुभेदाराचे नाव कळल्याशिवाय ‘क’ रकाना रिकामा ठेवायचा. लिलावाच्या सूचींतले सन जसेच्या तसे उतरवायचे नाहीत.

इराणमधल्या बिशापूरच्या टांकसाळीचे नाणे, सन ६६ (इ.स. ६८५-८६) : ‘बिस्मिल्लाह मुहम्मद रसूल अल्लाह’. नाण्यावर पैगंबरांचे नाव पहिल्यांदा इथे येते. सुभेदार मुआविया यांच्या उमय्या घराण्याचा नव्हे, मक्केतून खिलाफतीवर हक्क सांगणाऱ्या अब्दुल्ला इब्न अल-जुबैर यांच्या पक्षाचा.

२० फेब्रुवारी

‘काय म्हणत नाही’ हा नवा रकाना. वादाचा कणा मौनावर आहे : पहिल्या साठेक वर्षांच्या अधिकृत लेखांत पैगंबरांचे नाव नाही, तेव्हा… पुढे कोणी काहीही जोडतो.

मौन मोजण्यापूर्वी कागदाची जात बघायची. मेंढ्यांच्या पावतीत पैगंबर नाहीत यात नवल नाही. कोठीच्या चिठ्ठीत कोणी धर्मशास्त्र लिहीत नाही. जुहैरचा लेख (अरबस्तानातल्या हिज्रजवळ, सन २४ : ‘मी जुहैर, उमर वारला त्या वेळी लिहिले’) ही वाटसरूने दगडावर केलेली नोंद. परंपरेनुसार दुसरे खलिफा उमर यांचा मृत्यू सन २३ सरता-सरता किंवा २४ लागता. दगड तेच सांगतो. फक्त ‘उमर’पुढे ना बापाचे नाव, ना पदवी, तीही नोंद केली. अशा ओळींत मौनाला गुण शून्य.

कैरोच्या संग्रहालयातला समाधीचा दगड वेगळा. अब्दुर्रहमान इब्न खैर अल-हजरी, सन ३१. बिस्मिल्लाह आहे, क्षमेची प्रार्थना आहे, पैगंबरांचे नाव नाही. नंतरच्या दगडांवर ते हमखास असते, म्हणून इथले मौन बोलते. मुआविया यांचे ताइफजवळचे धरण, सन ५८ : अमीर अल-मुअमिनीन, दुआ, पण पैगंबर नाहीत. हम्मत गदेर : नाहीत. तेव्हा सरकारी जाहीर लेखांत सन ६६ पर्यंतचे मौन खरेच आहे. कोणी ते झटकून टाकू नये.

पण त्याच्याच शेजारी दुसरी ओळ उभी राहते. थॉमस ६४० च्या सुमारास ‘मुहम्मदाचे अरब’ म्हणतो. आर्मेनियन इतिहासकार (सेबेओस या नावाने ओळखला जातो) ६६० च्या दशकात मुहम्मद हा व्यापारी, अब्राहमच्या देवाचा उपदेशक असे लिहितो. शत्रूपक्षाच्या पाद्र्यांना नाव ठाऊक होते. म्हणजे मौन माणसाच्या असण्याविषयी नाही. ते नाव राज्याच्या शिक्क्यावर आणायचे की नाही, याविषयी आहे. हे दोन प्रश्न मिसळले की ‘मुहम्मद झालेच नाहीत’ इथवर गाडी जाते. तिथवर क्रोनही गेल्या नाहीत. अशी व्यक्ती होऊन गेली यात शंका नाही, असे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिले.

५ मार्च

कार्बन-१४. आधी नियम, मग आकडे, कारण बातम्यांत क्रम उलटा असतो.

चाचणी जनावर कधी मेले ते सांगते. शाई कधी लागली ते नाही. खरवडून पुन्हा लिहिलेल्या पानावर दोन मजकूर आणि कातडे एकच, तेव्हा वरच्या मजकुराला ती तारीख लावता येत नाही. निकाल पट्ट्यात असतो, पट्ट्याचा मध्य काढून ‘अमुक साली लिहिले’ म्हणायचे नाही.

बर्मिंगहॅमची कुराणाची दोन पाने (सुरा म्हणजे अध्याय १८ ते २०) : ५६८ ते ६४५. २०१५ मध्ये जाहीर. पॅरिसच्या ग्रंथालयातली १६ पाने याच पोथीची, ही जोडणी ओळीत घातली, नाहीतर एक पोथी दोनदा मोजली जाते.
ट्यूबिंगेनची पोथी : ६४९ ते ६७५.
येमेनमधल्या सना शहरातली खरवडून पुन्हा लिहिलेली पोथी, १९७२ मध्ये मशिदीच्या दुरुस्तीत सापडलेल्या साठ्यातली, आणि एक सुटे पान ‘स्टॅनफर्ड २००७’ : ५७८ ते ६६९.

आता सना शहरातल्या याच पोथीची इतर पाने फ्रान्समधल्या लियाँला तपासली : ५४३ ते ६४३, ४३३ ते ५९९, ३८८ ते ५३५. शेवटचा पट्टा पैगंबरांच्या जन्माआधी संपतो. यावरून ‘कुराण इस्लामपूर्व’ असे मथळे निघाले. पण एका पोथीची कातडी शंभर-दोनशे वर्षे साठवून मग लिहायला घेत नाहीत. एकाच पोथीची पाने एकमेकांशी इतकी फटकून वागत असतील तर संशय नमुन्याच्या सफाईवर किंवा मोजणीवर जातो, इतिहासावर नव्हे. हाच नियम बर्मिंगहॅमलाही लागतो : जे परंपरेच्या बाजूचे वाटते ते एका पानावर मान्य आणि विरोधातले अमान्य, असे चालणार नाही. एकाच पानाच्या चाचणीवर ‘क’ रकाना भरायचा नाही. लिपीशास्त्राची जोड हवी.

ताश्कंद आणि इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा इथल्या, तिसरे खलिफा ‘उस्मान यांच्या’ म्हणून दाखवतात त्या पोथ्या तक्त्यातून वगळल्या. लिपीवरून आठव्या शतकातल्या किंवा त्यानंतरच्या.

१२ मार्च

किब्ल्याचा, म्हणजे नमाजाच्या दिशेचा वाद. डॅन गिब्सन यांचा दावा : आरंभीच्या मशिदी मक्केकडे नव्हे, पेत्राकडे (आजच्या जॉर्डनमधले प्राचीन नगर) तोंड करून. डेव्हिड किंग यांचे उत्तर : त्या काळी दूरच्या गावाची दिशा अंशांत काढण्याचे गणितच नव्हते. उगवता-मावळता सूर्य, ठरावीक तारे, जुन्या इमारतींच्या भिंती यांवर दिशा धरत. साधनाची अचूकता २०-३० अंशांनी ढळणारी असताना दोन गावांतला फरक त्याने ठरवणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे.

एडेसाचा याकोब हा सुरयानी ख्रिस्ती लेखक (मृत्यू ७०८) लिहितो की इजिप्तमधले मुसलमान पूर्वेकडे, बाबिल-बसऱ्याकडचे पश्चिमेकडे, म्हणजे काबाकडे तोंड करतात. काबा हे नाव देतो, गावाचे नाव देत नाही. चार दिशांच्या या वर्णनातून मक्काही सुटत नाही आणि पेत्राही सिद्ध होत नाही. ओळ ठेवली, वजन कमी.

२१ मार्च

डोम ऑफ द रॉक, जेरुसलेम. कमानींच्या वर मोझेइकमधला लेख, सुमारे २४० मीटर. सन ७२. पण बांधणाऱ्याचे नाव वाचले तर खलिफा अल-मामून येते, जो सव्वाशे वर्षांनंतरचा. मूळ बांधणारे उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांचे नाव काढून त्याने स्वतःचे बसवले आणि सन बदलायचे विसरला. म्हणून ‘नंतरची ढवळाढवळ’ हा आणखी एक रकाना.

लेखात पैगंबरांचे नाव, ‘इस्लाम’ हा शब्द आणि येशूविषयीची, ख्रिस्ती त्रैक्याला नाकारणारी कुराणातली वाक्ये. काही ठिकाणी ती व्याकरणाने जुळवून घेतलेली आहेत, जशीच्या तशी नाहीत. त्यावरून ‘मजकूर अजून स्थिर नव्हता’ असा युक्तिवाद होतो. तो फार ताणू नये. जाहीर लेखात वाक्य प्रसंगाला बसवून घेणे ही वेगळी गोष्ट, पोथी नकलणे वेगळी.

लगेच पुढे : सन ७७ चा सोन्याचा दिनार, ४.२५ ग्रॅम, चित्र नाही, फक्त अक्षरे. सन ७९ चा तसाच दिरहम. यादवीत विरोधकाने पैगंबरांचे नाव नाण्यावर आणले, जिंकल्यावर अब्दुल मलिक यांनी तेच नाव साऱ्या राज्याचे केले. बिशापूरची ओळ आणि ही ओळ शेजारी ठेवल्यावर मौन का संपले ते दिसते.

३ एप्रिल

कुराणाच्या प्रमाण पाठाविषयी. मारेन व्हॅन पुटेन यांचे २०१९ चे काम : ‘निअमत अल्लाह’ या शब्दजोडीत शेवटचे अक्षर कुठे ‘ते’ने तर कुठे ‘हे’ने लिहिलेले. दोन्ही चालतात, अर्थ बदलत नाही, उच्चारावरून ठरवता येत नाही. तरी १४ जुन्या पोथ्यांत जिथे ‘ते’ तिथे सगळीकडे ‘ते’, जिथे ‘हे’ तिथे ‘हे’. चौदा लेखनिकांच्या हातून योगायोगाने असे होत नाही. साऱ्या एकाच लिखित मूळ प्रतीच्या नकला आहेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून पोथ्यांचे कूळ लावणाऱ्याला हे चटकन पटेल.

सना शहरातल्या पोथीचा खालचा (खरवडलेला) मजकूर या कुळातला नाही. सुरांचा क्रम वेगळा, शब्द वेगळे. वरचा मजकूर कुळातला. म्हणजे दुसरे पाठ होते हेही खरे, आणि एक पाठ लवकर सर्वत्र गेला हेही खरे. वॅन्सब्रो यांची उशिराची तारीख या तक्त्यात टिकत नाही. हा पाठ कोणी पक्का केला, उस्मान (सुमारे ६५०) की अब्दुल मलिक, हा प्रश्न मात्र केवळ पोथ्यांवरून सुटत नाही. स्टीफन शूमेकर अब्दुल मलिक यांच्या बाजूला आहेत, त्यांची ओळ काढायची नाही.

१४ एप्रिल

‘याकोबाची शिकवण’ हा ग्रीक संवाद. ‘ग’ : ६३४, कार्थेज. ‘घ’ : प्रती कितीतरी नंतरच्या. त्यात एक ज्यू विचारतो की सारासेनांत (अरबांत) निघालेल्या पैगंबराविषयी काय म्हणता, आणि उत्तर येते : खोटा आहे, पैगंबर तलवार घेऊन येतात का? नाव दिलेले नाही. अडचण अशी की पॅलेस्टाइनवरच्या स्वारीच्या वेळी तो हयात असल्यासारखे वाक्य आहे आणि परंपरेने पैगंबरांचा मृत्यू सन ११ मध्ये, जून ६३२. पहिला अर्थ : परंपरेची तारीख चुकीची. दुसरा : कार्थेजपर्यंत पोचलेली ऐकीव बातमी शिळी होती. थॉमसचे ‘मुहम्मदाचे अरब’ दोन्हीकडे बसते, कारण सैन्य माणसाच्या मागेही त्याच्या नावाने ओळखले जाते.

ओळीला दोन्ही अर्थ जोडले. वजन ‘मध्यम’, कारण ‘ग’ आणि ‘घ’ मधले अंतर मोठे.

राहिलेले : येमेनचा राजा अबरहा याचा मुरैघान शिलालेख हिम्यरी (जुन्या येमेनी) सन ६६२ चा. हा सन इ.स.पू. ११० पासून, म्हणून ६६२ − ११० = ५५२. परंपरेचे हत्तीचे वर्ष, म्हणजे अबरहा हत्ती घेऊन मक्केवर चालून आला ते, ५७०. लेखात मक्केचे नाव नाही, हत्तीही नाही. तक्त्याच्या कालमर्यादेबाहेर आहे, तरी पुरवणीत घ्यायचा. ६६२ हा आकडा हम्मत गदेरच्या इसवी सनाशी सारखा पडतो, वर्गवारी करताना दोन ओळी एकत्र आल्या होत्या. हिम्यरी सनांपुढे ‘हि’ लिहिले तर ते हिजरी वाचले जाईल. पूर्ण शब्द लिहायचा.